पाठीमागचे जग पुसू नका!

आपल्या धर्मग्रामांत गेली काही वर्षे एक नवी सौंदर्यकल्पना रुजली आहे. तिच्याविरुद्ध कोणीतरी लेखणी उचलावी, अशी वेळ आता आली आहे असे आम्हांस वाटते. वरवर पाहता ही कल्पना अगदी निरुपद्रवी दिसते. सणाच्या दिवशी चर्चच्या पटांगणात, नाक्यावरच्या बाजारात, स्टेशनच्या पुलावर आपले हौशी छायाचित्रकार उभे असतात. समोर लाल लुगड्यातली एखादी आजी सुकेळी विकीत बसलेली असते. तिला चाहूल लागू न देता, दूर अंतरावरून तिचा चेहरा टिपला जातो. मग ते चित्र प्रदर्शनात लागते, स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर येते, मोबाईलवरून घरोघर फिरते. चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती मोजून घ्यावी इतकी रेखीव असते. आणि तिच्या मागे काहीच नसते. असतो तो हिरवट-पिवळ्या रंगाचा एक मऊ लगदा. टोपलीसुद्धा अर्धी विरघळलेली असते. पाहणारे माना डोलावून म्हणतात, "बॅकग्राउंड काय सुंदर ब्लर झालंय!"

आमचे म्हणणे असे की, या चित्रात ती आजी नाही. तिचा चेहरा तेवढा आहे. माणूस आणि त्याचा चेहरा यांत जे अंतर आहे ते कलेच्या प्रांतातले तर आहेच, पण शेजारधर्माच्या प्रांतातलेही आहे. या पत्रिकेच्या वाचकांपुढे हा विषय मांडण्याचे कारण तेच.

तंत्र समजून न घेता त्यावर टीका करणे अन्यायाचे होईल, म्हणून ही किमया कशी घडते ते आधी पाहू. भिंग एका वेळी एकाच अंतरावर नेमके जुळविता येते. त्या अंतराच्या अलीकडचा आणि पलीकडचा काही पट्टा डोळ्यांना स्पष्ट वाटतो. बाकीचे विरत जाते. या पट्ट्याला छायाचित्रकार 'डेप्थ ऑफ फील्ड' म्हणतात. आपण त्याला स्पष्टतेची खोली म्हणू. ती मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते. भिंगाचे छिद्र, म्हणजे अॅपर्चर, किती उघडे आहे. भिंग किती लांब पल्ल्याचे आहे. आणि समोरचा माणूस किती अंतरावर आहे. ३५ मिलिमीटर फिल्मच्या मापाचा कॅमेरा घेऊन, ८५ मिलिमीटरचे भिंग लावून, छिद्र एफ १.८ इतके उघडून ३ मीटरवरच्या माणसावर ते रोखले, तर स्पष्टतेची खोली जेमतेम १३ सेंटिमीटर उरते. म्हणजे नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत. रस्त्याच्या पलीकडून, १० मीटरवरून, २०० मिलिमीटरचे भिंग एफ २.८ वर वापरले तरी ती सुमारे ४० सेंटिमीटरच भरते. त्याउलट, तिथेच ३ मीटरवर उभे राहून ३५ मिलिमीटरचे भिंग लावले आणि छिद्र एफ ८ पर्यंत मिटविले, तर सुमारे १.९ मीटरपासून ७ मीटरपर्यंतचे सारे स्पष्ट येते: आजी, तिची टोपली, घासाघीस करणारे गिऱ्हाईक, शेजारची कोळीण, मागची भिंत आणि भिंतीवरचा फाटका फलक. छिद्र एफ ११ केले, तर ही मर्यादा जवळजवळ १५ मीटरपर्यंत जाते. माणूस तोच, रस्ता तोच; कॅमेरा धरणाऱ्याने भिंग निवडले, बोटाने एक कडे फिरविले, आणि आजीचे जग चित्रात आले किंवा चित्रातून नाहीसे झाले. इतका मोठा अधिकार ज्या बोटात आहे, त्या बोटाला विवेक नको काय?

मोबाईलची कथा तर आणखी विलक्षण आहे. त्याचे भिंग इतके चिमुकले असते की, त्यातून सहसा जवळचे-दूरचे सारे आपोआपच स्पष्ट येते. २०१६ साली आयफोनमध्ये 'पोर्ट्रेट मोड' आला आणि पाठोपाठ इतरांनीही तो उचलला. यात यंत्र माणूस कोठे संपतो याचा अंदाज बांधते आणि त्याच्या भोवतीचे सारे हिशेबाने धूसर करते. महागड्या भिंगाला जे दिसूच शकत नाही, ते इथे दिसत असूनही पुसले जाते. दृष्टी असून न पाहण्याची अशी सोय पूर्वीच्या पिढ्यांना नव्हती.

आता शुभवर्तमानाकडे वळू, कारण रस्त्यावरच्या माणसांची इतकी जिवंत चित्रे दुसरीकडे क्वचितच सापडतील. शोमरोनी स्त्री येशूला भेटते ती सूखार गावाजवळ, याकोबाच्या विहिरीवर, भर दुपारी. आणि गावाकडे धावताना ती आपली घागर तिथेच टाकून जाते. योहानाने ती घागर वगळली असती तर संवादाला बाध आला नसता. पण त्या बाईची लगबग, तिचा विसरलेला संसार आणि तिला लागलेली नवी तहान आपल्याला कळली नसती. जक्कय आपल्याला यरीहोच्या रस्त्यावर भेटतो, तोही झाडावर चढलेला. ते झाड, ती गर्दी आणि त्याची ठेंगणी उंची वगळून केवळ एका जकातदाराचा चेहरा दाखविला, तर उरते काय? बार्तीमय वाटेच्या कडेला बसलेला आहे, आणि त्याने उडी मारून उठताना फेकलेला झगाही मार्काने नोंदविला आहे. शुभवर्तमानकारांनी माणसाला त्याच्या जागेवरून उचलून कोणत्याही मऊ लगद्यासमोर उभे केले नाही. देहधारणाचा अर्थच असा की, शब्दाने माणसाचा चेहरा तेवढा घेतला नाही. एक गाव घेतले, एक बोली घेतली, एका सुताराचे घर घेतले. नाझरेथ धूसर करून नाझरेथकर येशू दाखविता येत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जक्कयाच्या झाडाखाली प्रभू थांबतो, वर पाहतो, नावाने हाक मारतो आणि त्याच्या घरी जाण्याची इच्छा सांगतो. बार्तीमयाला तो जवळ बोलावून विचारतो की, तुझ्यासाठी मी काय करावे. पाहणारा इथे जवळ आहे, आणि ज्याला पाहिले जात आहे त्याला ते ठाऊक आहे. आमच्या मते रस्त्यावरच्या व्यक्तिचित्राची ही दोन मापे आहेत: भोवतालचे जग आणि जवळीक. लांब भिंग आणि उघडे छिद्र दोहोंवर एकदम घाव घालतात.

या कलेच्या इतिहासातही हा प्रश्न जुना आहे. १९१६ साली पॉल स्ट्रँड या अमेरिकन छायाचित्रकाराने न्यूयॉर्कच्या रस्त्यावर एका अंध स्त्रीचे चित्र टिपले. समोरच्यांना आपण दुसरीकडेच रोख धरला आहे असे वाटावे म्हणून त्याने कॅमेऱ्याला एक खोटे भिंग बसविले होते. ही लबाडी आम्हांस रुचत नाही. पण चित्राकडे पाहावे. तिच्या गळ्यात आंधळी असल्याचा फलक आहे, आणि वर फेरीवाल्याच्या परवान्याचा बिल्ला आहे. दोन्ही अगदी स्पष्ट आहेत. आंधळ्या बाईला परवाना देऊन रस्त्यावर बसविणारे शहर त्या दोन वस्तूंत उभे राहते. त्या धूसर झाल्या असत्या, तर उरले असते केवळ एका करुण चेहऱ्याचे प्रदर्शन.

१९३८ ते १९४१ या काळात वॉकर इव्हान्सने कोटाच्या गुंड्यांतून भिंग डोकावेल असा कॅमेरा लपवून न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत प्रवाशांची चित्रे घेतली. ती त्याने पुस्तकरूपाने आणली थेट १९६६ साली. पाव शतक ती त्याच्या हातून पुस्तकात गेली नाहीत, ही गोष्ट आजच्या मिनिटाला एक चित्र जगभर पाठविणाऱ्यांनी मनन करण्याजोगी आहे.

तिसरे उदाहरण अलीकडचे. फिलिप-लोर्का डिकोर्सिया या छायाचित्रकाराने १९९९ ते २००१ या काळात न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये एका मचाणाला प्रखर दिवे बांधले आणि खाली आलेल्या वाटसरूंचे चेहरे दुरून, लांब भिंगाने टिपले. दिव्याच्या झोतात चेहरा झळके आणि भोवतालचा गजबजलेला चौक काळोखात बुडे. इथे पार्श्वभूमी धूसर झाली नाही, ती काळी झाली, परिणाम एकच. त्यांपैकी एक चेहरा एका वृद्ध, धर्मनिष्ठ यहुदी गृहस्थांचा होता. आपली अशी प्रतिमा विकली जावी हे त्यांच्या श्रद्धेला मान्य नव्हते. त्यांनी दावा लावला. २००६ साली न्यायालयाने तो फेटाळला: ही कला आहे आणि तिला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे. २००७ साली वरिष्ठ न्यायालयात, दावा मुदतीनंतर दाखल झाला या कारणावरून, तो निकाल कायम झाला.

कायद्याच्या दृष्टीने हा निकाल योग्य असेलही. पण कायदा विचारतो की, छायाचित्रकाराला अधिकार होता काय? प्रभूने शास्त्र्याला दिलेले उत्तर वेगळ्या प्रश्नाचे होते: वाटेवरच्या माणसाचा शेजारी कोण ठरला? आपल्या देशातही २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे. परंतु नाक्यावर सुकेळी विकणारी आजी त्यासाठी न्यायालयाची पायरी चढणार नाही. तिला न्याय द्यायचा तो आपणच, छिद्राचे कडे फिरविताना.

आमच्या या मतावर कोणते आक्षेप येतात ते आम्हांस ठाऊक आहे.

पहिला आक्षेप: मागचे धूसर केल्याने लक्ष चेहऱ्यावर खिळते. खरे आहे, पण लक्ष खिळविण्याचे काम रचनेचे आहे. दोन पावले डावीकडे सरकले तर डोक्यातून उगवलेला विजेचा खांब बाजूला जातो. गुडघा टेकून आजीच्या डोळ्यांच्या उंचीवर आले तर तिच्या मस्तकामागे भिंत किंवा आकाश येते. दरवाजाची चौकट, सावलीचा तुकडा, छत्रीची कड यांनी चेहऱ्याला कोंदण मिळते. चौकटीच्या चारही कडांवरून एकदा नजर फिरविली की, कोण हवे आणि कोण नको ते कळते. याला कष्ट पडतात, वाट पाहावी लागते. धूसरपणा ही त्या कष्टांतून पळवाट आहे. ज्याला घरातला पसारा आवरता येत नाही, त्याने दिवा मालवावा, तशातला हा प्रकार.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो धर्मशास्त्र जाणणाऱ्यांकडून येतो. पूर्वेकडील ख्रिस्तसभेच्या आयकॉन चित्रांत संतांच्या मागे केवळ सोनेरी पृष्ठभाग असतो. तिथे कोठे रस्ता, कोठे बाजार? पवित्र प्रतिमांचा आदर इ.स. ७८७ च्या निकेयाच्या दुसऱ्या परिषदेने उचलून धरला, मग तुमचा आक्षेप कसा टिकतो? आमचे उत्तर असे की, ते सोने म्हणजे रिकामी जागा नव्हे. ते स्वर्गीय प्रकाशाचे नाव आहे. संत आता कोठे आहे हे ते ठामपणे सांगते. शिवाय संताच्या हाती किल्ली, ग्रंथ किंवा क्रूस असतो आणि शेजारी त्याचे नाव लिहिलेले असते. आपल्या चित्रातल्या आजीला नावही नसते. खाली लिहिलेले असते 'वार्धक्याचे सौंदर्य'. कारवाज्जोने १६०० च्या सुमारास रोमच्या सान लुइजी चर्चसाठी मत्तयाला झालेले पाचारण रंगविले, तेव्हा त्यानेही पुष्कळ अंधार वापरला. पण मेज, मेजावरची नाणी आणि वरची खिडकी त्याने ठेवली. त्या नाण्यांशिवाय मत्तयाने काय सोडले हे कसे कळावे?

तिसरा आक्षेप: मग सारा धूसरपणा त्याज्य काय? मुळीच नाही. सायंकाळी प्रकाश मंदावल्यावर छिद्र उघडावेच लागते. गरज हा दोष नव्हे. कोणाचे लहान मूल मागे आले, किंवा कोणी संकोचाच्या अवस्थेत दिसला, तर त्याला अस्पष्ट करणे हे सौजन्यच आहे. अँरी कार्तिए-ब्रेसाँच्या १९५४ सालच्या पॅरिसमधील प्रसिद्ध चित्रात दोन बाटल्या कवटाळून ऐटीत चाललेला एक मुलगा आहे. मागच्या मुली काहीशा अस्पष्ट आहेत, तरी त्यांचे कौतुक वाचता येते, गल्ली ओळखता येते. रघु राय यांनी १९९५ साली चर्चगेट स्टेशनवर टिपलेल्या चित्रात वर्तमानपत्र वाचणाऱ्याभोवती गर्दी पुसट वाहते. तो पुसटपणा वेगाचा आहे. विरारची गाडी पकडणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाला तो पटतो. तेव्हा कसोटी साधी आहे: धूसर भाग काही सांगतो, की फक्त झाकतो?

चौथा आक्षेप: जवळ गेले की माणूस सावध होतो, मग सहजपणा कोठला? याचे उत्तर तंत्रातच आहे. भिंग ३५ मिलिमीटरचे, छिद्र एफ ८, अंतर ३ मीटरवर आधीच बांधून ठेवलेले, अशा कॅमेऱ्याला ऐन वेळी फोकस जुळवीत बसावे लागत नाही. बाजारात तासभर वावरा, सुकेळी विकत घ्या, दोन शब्द बोला. लोक तुम्हाला विसरून आपापल्या कामाला लागतील. तेव्हाचा सहजपणा चोरलेला नसतो, दिलेला असतो. चित्र घेतल्यावर ते त्यांना दाखवा, नाव विचारा, नको म्हटले तर पुसून टाका. छापलेली एक प्रत पुढच्या सणाला हातात द्या.

आता या साऱ्याचा आपल्या समाजाशी असलेला खरा संबंध. १९६० आणि १९७० च्या दशकांत आपल्या घरांतून अॅग्फा क्लिक थ्रीसारखे साधे कॅमेरे होते. त्यांचे छिद्र लहान असे, आणि ठरावीक अंतरापुढचे सारेच बऱ्यापैकी स्पष्ट येई. त्या काळचे लग्नाचे, प्रथम कम्युनियनचे, वाडीत सहज घेतलेले फोटो आज पाहावे. माणसे पुष्कळदा ओळखू येत नाहीत. पण मागची रहाटाची विहीर, पानवेलीचा मांडव, बैलगाडी, घरासमोरचे बावखल ओळखू येते. कोणी मुद्दाम टिपले नव्हते, तरी ते राहिले. त्यानंतर कितीतरी बावखले बुजली, वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. हे हिरवेपण राखण्यासाठी २०२४ साली निवर्तलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी किती झगडले, हे या पत्रिकेच्या वाचकांना सांगावयास नको.

ज्या काळात आपल्या पाठीमागचे जग प्रत्यक्षात पुसले जात आहे, नेमक्या त्याच काळात आपण ते चित्रांतूनही हौसेने पुसत आहोत. पन्नास वर्षांनी एखादी नात आपल्या पणजीचा फोटो हाती घेईल. सुरकुत्या तिला दिसतील. पण मागचा तो हिरवा लगदा केळीच्या बागेचा होता, की बांधकामावर बांधलेल्या हिरव्या जाळीचा, हे तिला कोण सांगणार? आम्हां धर्मगुरूंना हा अनुभव आजच येऊ लागला आहे. अंत्यविधीच्या वेळी शवपेटीजवळ ठेवण्यासाठी कुटुंबे सुंदर, मऊ पार्श्वभूमीचे फोटो आणतात. हा कोठला, असे विचारले तर घरातल्यांनाही सांगता येत नाही. ज्या अंगणात त्या माउलीने आयुष्य काढले, ते अंगण तिच्या अखेरच्या चित्रात नसावे, ही गोष्ट क्षुल्लक नाही.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. धर्मग्रामांच्या छायाचित्र-प्रदर्शनांत आणि स्पर्धांत रस्त्यावरच्या व्यक्तिचित्रांसाठी तीन अटी असाव्यात. चित्रातल्या व्यक्तीची संमती घेतलेली असावी. तिची इच्छा असल्यास तिचे नाव आणि गाव चित्राखाली असावे. 'वृद्धा', 'श्रमिक', 'निरागस' असली मथळ्यांची बिरुदे नकोत. आणि परीक्षकांनी प्रत्येक चित्रासमोर उभे राहून विचारावे की, ही व्यक्ती कोठे बसली आहे, काय करीत आहे, तिच्या शेजारी कोण आहे. उत्तर चित्रातून मिळत नसेल, तर भिंग कितीही महाग असो, बक्षीस देऊ नये. स्मरणिकांच्या संपादकांनीही मुखपृष्ठ निवडताना हाच प्रश्न विचारावा.

आमच्या तरुण मित्रांविषयी आम्हांस राग नाही. त्यांच्या हाती उत्तम साधने आहेत आणि नजरेत खरे कौतुक आहे; म्हणूनच त्यांच्याकडे अधिक मागण्याचा हक्क आम्ही बजावीत आहोत. येत्या सणाला मोबाईलमधील ती पोर्ट्रेटची सोय बंद करा. रस्ता ओलांडा, तीन पावलांवर जा, गुडघा टेका. आजीच्या मागे चर्चचा मनोरा येऊ द्या, शेजारची कोळीण येऊ द्या, अर्धवट बांधलेली इमारतही येऊ द्या. ते सारे तिचे आहे. आणि तिची असलेली वस्तू तिच्यापासून काढून घेण्याचा अधिकार कोणत्याही भिंगाला नाही.